एपुश घ्यायचा ठरलाय? नव्याने आलेल्या मराठी घरांसाठी वाटाड्या

अमेरिकेत नव्याने आलेल्या मराठी घरात एपी (अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट, म्हणजे हायस्कूलमध्येच शिकायचा कॉलेजच्या तोडीचा कोर्स) कॅल्क्युलस कधी घ्यायचं, एपी केमिस्ट्री झेपेल का, यावर तासन्‌तास बोलणं होतं. इतिहासाचा विषय निघाला की मात्र "त्यात काय, पाठांतर तर आहे" म्हणून फॉर्मवर खूण करून सगळे मोकळे होतात. मग सप्टेंबरात पहिल्याच आठवड्यात चाळीस पानांचा धडा, त्यावर क्विझ आणि शुक्रवारी वर्गात बसून निबंध, असं सगळं एकदम अंगावर येतं.

एपी यूएस हिस्टरीला मुलं 'एपुश' म्हणतात. एपी परीक्षा घेणाऱ्या कॉलेज बोर्ड या संस्थेने आखलेला हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या तोडीचा कोर्स आहे. बहुतेक शाळांत तो ज्युनियर इयरला, म्हणजे अकरावीत घेतात. सनावळ्या लागतात, पण त्या कोर्सचा गाभा नव्हेत. आपण शाळेत 'कारणे द्या' शिकलो. १८५७चा उठाव अयशस्वी का झाला, तर गाइडमधले पाच मुद्दे, प्रत्येकाला एक गुण. इथे ते पाच मुद्दे सगळ्यांना येतात असं धरूनच पुढचं विचारलं जातं: यातलं सर्वांत वजनदार कारण कोणतं, आणि ते तू कशावरून म्हणतोस? पुढच्या सगळ्या सूचना या एका प्रश्नाभोवतीच्या आहेत.

आधी ठरवा: घ्यायचा की नाही

बहुतेक राज्यांत हायस्कूल पूर्ण करायला अमेरिकन इतिहास सक्तीचा आहे. न्यू जर्सीत तर दोन वर्षं शिकावा लागतो. त्यामुळे प्रश्न 'इतिहास की सायन्स' असा नसतो. साधा, ऑनर्स (साध्याहून कठीण) की एपी, एवढंच ठरवायचं असतं. एपी घेतला तर ती सक्तीची अटही त्यातच भागते, आणि बऱ्याच शाळा एपीच्या ग्रेडला जीपीएमध्ये, म्हणजे सगळ्या ग्रेडच्या सरासरीत, जास्त वजन देतात.

माझं मत विचाराल तर मुलाला इंग्रजी वाचायची सवय असेल तर जरूर घ्यावा. इंग्रजी बोलण्यात अजून अडखळत असला तरी हरकत नाही. बोलणं सहा महिन्यांत सुटतं. परीक्षेतले निबंध घाईत लिहिलेला पहिला खर्डा समजूनच तपासले जातात, अर्थ कळण्यात अडचण येत नसेल तर व्याकरणाच्या चुकांचे गुण कापत नाहीत. वाचनाचा वेग मात्र हवाच. आठवड्याला तीसेक पानं नेटाने वाचून होत नसतील तर एक वर्ष ऑनर्स घेण्यात काहीच कमीपणा नाही.

एक सावधगिरी. एकाच वर्षी एपी फिजिक्स, एपी कॅल्क्युलस, एपी इंग्लिश लँग्वेज आणि वर एपुश अशी मोट बांधू नका. यातला एपी इंग्लिश लँग्वेज एपुशला पूरक आहे, कारण दोन्हीकडे दुसऱ्याचं लिखाण उकलून आपला मुद्दा मांडायचा असतो. बाकीच्यांचा हिशेब शाळेच्या काउन्सेलरसमोर (विषयनिवडीचा सल्ला देणाऱ्यासमोर) बसून करा. आधीच्या वर्षी ज्यांनी कोर्स घेतला त्या मुलांना 'या शिक्षकांकडे आठवड्याला किती तास जातात' हेही विचारा. शाळेशाळेत आणि शिक्षकाशिक्षकात यात खूप फरक असतो.

उन्हाळ्यात काय करायचं

इथे वाढलेली मुलं अमेरिकन इतिहास साधारण पाचवीत आणि आठवीत एकेकदा शिकून आलेली असतात. जेम्सटाउन, बोस्टन टी पार्टी, लुईस आणि क्लार्क ही नावं त्यांच्या कानावरून गेलेली असतात. पुण्या-नाशकातून आलेल्या मुलाला ती नवी असतात. शिवाजी महाराज म्हणजे कोण हे माहीत नसलेल्या मुलाला थेट पेशवाईच्या राजकारणावर निबंध लिहायला बसवावं, तसा हा प्रकार. म्हणून जून-जुलैत गावच्या लायब्ररीतून आठवीच्या पातळीचं एक सोपं, चित्रांचं अमेरिकन इतिहासाचं पुस्तक आणून सलग वाचून काढा. नोट्स काढू नका, गोष्ट वाचल्यासारखं वाचा. खान अकॅडमीवर एपुशचा पूर्ण अभ्यासक्रम फुकट आहे, तोही चालेल.

काही शिक्षक उन्हाळ्याचा गृहपाठ देतात. तो ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यावर टाकू नका, एवढं सांगून पुढे जातो.

काय काय शिकवतात

अभ्यासक्रम नऊ कालखंडांत विभागलेला आहे: १४९१–१६०७, १६०७–१७५४, १७५४–१८००, १८००–१८४८, १८४४–१८७७, १८६५–१८९८, १८९०–१९४५, १९४५–१९८० आणि १९८०पासून आजपर्यंत. सुरुवात १४९१ला होते, म्हणजे कोलंबस पोहोचण्याच्या आदल्या वर्षी, कारण तिथे आधीपासून राहणाऱ्या लोकांपासून गोष्ट सुरू करायची आहे. काही कालखंड एकमेकांवर चढलेले दिसतात, ती छपाईची चूक नाही. १८४४–१८७७ हा यादवी युद्धाकडे नेणारा आणि त्यातून बाहेर काढणारा धागा आहे, तर १८६५–१८९८ हा रेल्वे, पोलाद, संप आणि शहरांचा. वर्षं तीच, धागे वेगळे.

परीक्षेत सगळ्यांना सारखं वजन नाही. पहिल्या आणि शेवटच्या कालखंडाला प्रत्येकी ४ ते ६ टक्के, दुसऱ्याला ६ ते ८ टक्के, आणि मधल्या सहांना प्रत्येकी १० ते १७ टक्के. तरीही दरवर्षी असंख्य मुलं ऑक्टोबरपर्यंत वसाहतींतच रमतात आणि एप्रिलमध्ये शीतयुद्ध, नागरी हक्क चळवळ, व्हिएतनाम एका आठवड्यात कोंबतात. वर्ग मागे पडतोय असं दिसलं तर हिवाळ्याच्या सुट्टीत पुढचा एखादा कालखंड स्वतः वाचून ठेवायला लावा.

दर आठवड्याचं वाचन

धडा वाचताना ओळ न्‌ ओळ वहीत उतरवणं ही आपल्याकडची सवय. इथे तिने वेळ जातो आणि हाती काही लागत नाही. धड्याचं शीर्षक आणि उपशीर्षकं आधी वाचा, मग शेवटचा परिच्छेद, मग धडा. वाचून झाल्यावर पुस्तक मिटून अर्ध्या पानात तीन गोष्टी लिहा: काय बदललं, काय तसंच राहिलं, आणि कोणामुळे किंवा कशामुळे. मग पुस्तक उघडून दोन-तीन ठोस पुरावे त्यात भरा. नाव, कायदा, साल.

'ठोस' म्हणजे काय? "सरकारने शेतकऱ्यांना मदत केली" हा पुरावा नाही. "१८६२च्या होमस्टेड कायद्याने पाच वर्षं कसणाऱ्याला १६० एकर जमीन मिळण्याची सोय केली" हा पुरावा. वर्षभरात असे दीड-दोनशे पुरावे डोक्यात पक्के बसले तर परीक्षेत कुठलाही प्रश्न आला तरी चार सापडतात.

परीक्षेचा साचा

परीक्षा मे महिन्यात असते, सव्वातीन तासांची. २०२५पासून ती पूर्णपणे कॉम्प्युटरवर, ब्लूबुक नावाच्या अ‍ॅपमध्ये होते. निबंधही टाइपच करायचे. म्हणजे टायपिंगचा वेग हाही आता अभ्यासाचा भाग झाला.

पहिला भाग ५५ बहुपर्यायी प्रश्नांचा, ५५ मिनिटं, ४० टक्के गुण. प्रश्न सुटे नसतात. एखादा उतारा, व्यंगचित्र, नकाशा किंवा तक्ता आणि त्यावर तीन-चार प्रश्न. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडू नये. मग तीन लघुत्तरी प्रश्न, ४० मिनिटं, २० टक्के. मुलं त्याला एसएक्यू म्हणतात. नंतर डीबीक्यू, म्हणजे सात कागदपत्रं देऊन त्यांच्या आधारे लिहायचा निबंध: तासभर, त्यातली पंधरा मिनिटं वाचायला, २५ टक्के. शेवटी एलईक्यू, कागदपत्रांशिवायचा निबंध, तीन प्रश्नांतला एक, ४० मिनिटं, १५ टक्के.

एसएक्यूला प्रत्येकी अ, ब, क असे तीन उपप्रश्न आणि तीन गुण. प्रस्तावना नको, समारोप नको. उत्तर, पुरावा, तो पुरावा उत्तराला कसा लागू पडतो, अशी तीन वाक्यं पुरतात. इंग्रजी निबंधात मुरलेली मुलं इथे उगाच पान भरत बसतात.

डीबीक्यू: इथे थांबून नीट बघा

सबंध कोर्समध्ये मुलं घाबरतात ती या निबंधाला. खरं तर याचे गुण सर्वांत उघडपणे मांडलेले आहेत. एकूण सात. एक प्रतिपादनाला, म्हणजे थीसिसला. एक संदर्भाला, त्या काळात आजूबाजूला काय चाललं होतं त्याला. दोन कागदपत्रं वापरण्याला: तीन कागदांतला मजकूर विषयाला धरून सांगितला तर एक, चार कागद आपल्या मुद्द्याच्या बाजूने उभे केले तर दोन. एक बाहेरच्या पुराव्याला, जो दिलेल्या कागदांत नाही पण तुम्हाला माहीत आहे. एक दोन कागदांचा उगम, म्हणजे 'बोलविता धनी', उलगडण्याला: कोण बोलतोय, कोणाला, कधी, कशासाठी. आणि शेवटचा विचारातल्या गुंतागुंतीला.

नियम २०२३–२४ पासून बदलले. पूर्वी पूर्ण गुणांसाठी सहा कागद वापरावे लागत आणि तिघांचा उगम उलगडावा लागे. नातेवाइकांच्या मोठ्या मुलाने दिलेली जुनी पुस्तकं आणि व्हिडिओ यात अजून जुनेच आकडे सांगतात. सालं बघून वापरा.

आता एक कागद जवळून पाहू. समजा प्रश्न १८३०च्या दशकात मूलनिवासी जमातींना मिसिसिपी नदीच्या पश्चिमेला हाकलण्याबद्दलचा आहे, आणि एक कागद आहे अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सनने डिसेंबर १८३० मध्ये काँग्रेसला, म्हणजे अमेरिकेच्या संसदेला, पाठवलेला वार्षिक संदेश. त्यात तो म्हणतो की सरकारचं हे परोपकारी धोरण आता सुखरूप पूर्णत्वाला जात आहे.

बहुतेक मुलं लिहितात: "जॅक्सनच्या मते स्थलांतर मूलनिवासींच्या भल्याचं होतं." मजकूर बरोबर आहे. पण हे कागदाचं भाषांतर झालं, यात मूल काय म्हणतंय ते कुठे आहे?

आता हे बघा: "स्थलांतराचा कायदा त्याच वर्षी मे महिन्यात प्रतिनिधिगृहात अगदी थोड्या मतांनी तरला होता. त्याच काँग्रेसशी बोलताना जॅक्सनला विरोधकांचं तोंड बंद करायचं होतं, म्हणून त्याने जमिनीच्या लोभाला परोपकाराचा मुलामा दिला. त्यामुळे हा कागद धोरण कसं खपवलं गेलं ते दाखवतो, हाकलल्या गेलेल्या चेरोकी जमातीवर काय गुदरलं ते नाही." यात कागद मुद्द्यासाठी वापरला गेला आणि उगमही उलगडला. पुढे एक वाक्य जोडलं की बाहेरचा पुरावाही झाला: १८३२ मध्ये वूस्टर विरुद्ध जॉर्जिया खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने चेरोकींच्या बाजूने निकाल दिला, तरी १८३८ मध्ये सैन्याने त्यांना हुसकावलंच.

हे कौशल्य मराठी मुलांना परकं नाही. बखर कोणी लिहिली, कोणाच्या पदरी बसून लिहिली, म्हणून तिच्यातलं काय धरायचं आणि काय सोडायचं, हा वाद आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. तेच इथे.

थीसिसबद्दल. प्रश्न जवळजवळ नेहमी 'कितपत' असा असतो. यादवी युद्धाने कृष्णवर्णीयांचं जगणं कितपत बदललं? "खूप बदललं" म्हणजे थीसिस नव्हे. "१३व्या, १४व्या आणि १५व्या घटनादुरुस्तीने कायद्यात मोठा बदल झाला, पण अर्धेलीच्या शेतीने मजुरांना कर्जात अडकवलं आणि १८७७ मध्ये फेडरल सैन्याने पाठ फिरवल्यावर राजकीय हक्कही हातचे गेले, म्हणून बदल कागदावर जास्त आणि शेतात कमी झाला." यात बाजू घेतलेली आहे, कारण दिलेलं आहे, आणि उरलेल्या निबंधाचा नकाशाही आहे. 'जरी… तरी… म्हणून' हा सांगाडा मुलाच्या हातात बसेपर्यंत घोटवा.

गुंतागुंतीचा गुण मिळवायला वेगवेगळे मार्ग आहेत. त्यातले सरळ दोन: सातही कागद नीट वापरणं, किंवा चार कागदांचा उगम उलगडणं. साधारण मुलाने वाचनात वेळ वाचला तरच याच्या मागे लागावं. आधीचे सहा पदरात पाडून घ्यावेत.

सराव कुठून? कॉलेज बोर्ड मागच्या वर्षांचे लेखी प्रश्न, मुलांनी लिहिलेली खरी उत्तरं आणि त्यांना दिलेले गुण त्यांच्या साइटवर फुकट ठेवतं. महागडा क्लास लावण्याआधी ही उत्तरं वाचा. एकाच प्रश्नावरचं सातातलं तीन मिळालेलं आणि सहा मिळालेलं उत्तर शेजारी ठेवून फरक मुलालाच शोधू द्या. शाळेतून मिळणाऱ्या एपी क्लासरूम या कॉलेज बोर्डाच्या साइटवर व्हिडिओ आणि चाचण्याही असतात.

घरातून काय मदत होते

इंग्रजीतला अमेरिकन इतिहास आपल्याला येत नाही म्हणून आई-बाबा बाजूला होतात. त्याची गरज नाही. जेवताना "आज काय वाचलंस, मराठीत सांग" एवढं विचारा, आणि "मग त्यांनी असं का केलं?" हा प्रश्न सोडू नका. मराठीत सांगताना पुस्तकाची वाक्यं उपयोगी पडत नाहीत, समजलेलं असावं लागतं.

काही जागी आपला इतिहास या अभ्यासक्रमाला खरोखर येऊन भिडतो. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात १७८१ मध्ये यॉर्कटाउनला शरण आलेल्या ब्रिटिश फौजेचा सेनापती कॉर्नवॉलिस १७८६ला हिंदुस्थानात गव्हर्नर जनरल म्हणून आला, आणि टिपूविरुद्धच्या लढाईत हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन त्याच्या बाजूने होते. याला परीक्षेत गुण नाहीत, पण नाव विसरत नाही.

कापसाची गोष्ट मात्र गुण देऊ शकते. १८६१ मध्ये यादवी युद्ध पेटलं आणि उत्तरेने दक्षिणेची बंदरं अडवली. आपल्या कापसावाचून इंग्लंडच्या गिरण्या बसतील, मग ब्रिटन आपल्याला स्वतंत्र देश म्हणून मान्यता देईल, हा दक्षिणेचा भरवसा होता. ब्रिटनने मान्यता दिली नाही. त्याला कारणं अनेक, पण एक म्हणजे इजिप्त आणि हिंदुस्थानातून येऊ लागलेला कापूस. खानदेश-वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या बंदरातून गेला, शहरात पैशाचा पूर आला, प्रेमचंद रायचंद यांच्यासारख्या व्यापाऱ्यांचं प्रस्थ वाढलं आणि १८६५ला युद्ध संपताच शेअरबाजार कोसळला. दक्षिणेच्या परराष्ट्र धोरणाच्या अपयशावर प्रश्न आला तर यातला कापसाचा भाग अस्सल बाहेरचा पुरावा आहे.

गुलामगिरीच्या अंताचा धडा चालू असताना मुलाला हेही सांगा की महात्मा फुल्यांनी १८७३चं 'गुलामगिरी' हे पुस्तक गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जन लोकांना अर्पण केलं होतं. आणि स्थलांतराचा धडा आला की घराची गोष्टच धडा होते: १९१७चा आशियाई लोकांना रोखणारा कायदा, १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांना नागरिकत्व नाकारणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, १९४६ मध्ये हिंदुस्थानींना वर्षाला जेमतेम शंभरांचा कोटा, आणि १९६५चा हार्ट-सेलर कायदा, ज्याने आपल्यासारख्यांना दार उघडलं. ही चार सालं ओळीने मांडली की 'काय बदललं, काय राहिलं' या साच्याच्या निबंधाचा कणा तयार.

वर्गात गुलामगिरी, मूलनिवासींची कत्तल, वंशभेद यांवर मोकळी चर्चा होते आणि मुलाने बोलावं अशी अपेक्षा असते. शिक्षकांशी मतभेद झाला तरी चालतं, पुरावा हवा. गप्प बसून चांगले मार्क मिळवायची आपली सवय इथे महागात पडते, कारण चर्चेतल्या सहभागाला बऱ्याचदा गुण असतात.

तारखा, फी आणि निकाल

कोर्सला बसलं म्हणजे परीक्षेला बसलं असं नाही. परीक्षेची वेगळी नोंदणी बहुतेक शाळांत शरद ऋतूतच होते आणि नोव्हेंबरच्या मध्यात बंद होते. फी साधारण शंभर डॉलरच्या घरात, कमी उत्पन्नाच्या घरांना सवलत मिळते, काउन्सेलरला नि:संकोच विचारा.

मार्चपासून आठवड्याला एक वेळ लावून लिहिलेला निबंध आणि एक बहुपर्यायी संच पुरे. एप्रिलमध्ये कॉम्प्युटरवर वेळ लावून एकदा पूर्ण सराव परीक्षा द्यावी, म्हणजे घड्याळ, उतारे आणि टायपिंग यांची एकदम गाठ मे महिन्यात पहिल्यांदा पडणार नाही.

निकाल जुलैमध्ये १ ते ५ अशा अंकांत येतो. शाळेची ग्रेड आणि हा अंक यांचा एकमेकांशी संबंध नाही, वर्गात ए असलेल्यालाही ३ येऊ शकतो. पूर्वी हा विषय फार अवघड म्हणून बदनाम होता. २०२३ मध्ये निम्म्याहून कमी मुलांना ३ किंवा वर मिळाले. २०२४ मध्ये गुण ठरवण्याची रीत बदलली आणि तेच प्रमाण सुमारे ७२ टक्क्यांवर गेलं, त्यामुळे जुन्या आकड्यांनी घाबरू नका. कॉलेजचं क्रेडिट मात्र कॉलेजागणिक वेगळं: कुठे ३ चालतो, कुठे ४ किंवा ५ लागतो, काही ठिकाणी क्रेडिट मिळतच नाही. यादीत असलेल्या प्रत्येक कॉलेजचं एपी धोरण त्यांच्या साइटवर बघून घ्या.